आबांच्या ट्रान्झिस्टरवर धावताना

गाणी ऐकत पळायची कल्पना आबांची, माझ्या डोक्यात असलं काही येणं शक्यच नव्हतं. आबा म्हणजे माझे वडील. तोफखान्यातली नोकरी संपवून ते घरी आले, ते एक ट्रंक, एक ट्रान्झिस्टर आणि गेलेले दोन्ही कान घेऊन. कानांबद्दल घरात कुणी ब्र काढायचा नाही, असा न बोलता झालेला हुकूम होता. आम्ही समोर उभं राहून, ओठ नीट हलवत बोलायचो आणि ते ऐकू आल्यासारखं उत्तर द्यायचे.

एकदा चावडीवर कुणीतरी मुद्दाम पाठीमागून त्यांना काहीबाही विचारलं. आबांना पत्ताच नाही. सगळे फिदीफिदी हसले, ते मात्र त्यांनी वळल्यावर बघितलं. त्या दिवसापासून त्यांनी उंबरठा ओलांडला नाही. शेताकडेसुद्धा फिरकेनात. धडधाकट माणूस भिंतीकडे बघत बसलेला मला बघवत नसे, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही यायचा.

अशात इस्लामपूर ते सांगली पळायची शर्यत निघाली. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं, मी वीस-एकवीस वर्षांचा. कागदावर ‘मॅरेथॉन’ असं छापलं होतं. खऱ्या मॅरेथॉनला अंतर थोडं कमीच भरत असणार, पण आम्हाला कुठे ठाऊक! मी नाव दिलं आणि आबा आपणहून उठले.

“पलटनीत बँड वाजला की मैल कवा सरला कळत नव्हतं गड्या. तुला गानी पायजेत,” म्हणाले.

त्यांनी सायकलच्या हँडलला ट्रान्झिस्टर अडकवला, आवाजाचं बटण शेवटापर्यंत पिळलं, आणि रोज संध्याकाळी मी रस्त्याने पळतोय नि ते शेजारून सायकल मारताहेत, असं सुरू झालं. आबा घराबाहेर पडले, याचाच आईला केवढा आनंद!

गाणी फार तर दहा मिनिटं टिकायची. मग बातम्या, मग उसावरच्या खोडकिडीचा बंदोबस्त. आबा आपले खुशीत मान हलवत पायडल मारताहेत. “आवं, गानी संपली” एवढंच म्हणायचं होतं, पण जीभ रेटली नाही. मी गाणं चालू असल्यासारखा त्याच चालीत पळत राहायचो. खोडकिडीवर मी जेवढा पळालो, तेवढा जिल्ह्यात दुसरा कुणी पळाला नसेल.

शर्यतीच्या दिवशीही आबा ट्रान्झिस्टर लावून सायकलवर शेजारी होतेच. वाटेतल्या आष्ट्यापर्यंत मी ठीक होतो. पुढे पाय जड झाले. नेमकं तेव्हाच रेडिओवर एक फक्कड गाणं लागलं होतं, पण माझं पाऊल आखूड पडायला लागलं. आबांनी माझ्या पायांकडे बघितलं, कपाळाला आठी घातली आणि स्टेशनचं बटण फिरवलं. गाणं गेलं, कुणाचं तरी भाषण आलं. पुन्हा पायांकडे नजर, पुन्हा बटण. आता नुसती खरखर. माझं टाळकंच सरकलं. आहे ते चांगलं गाणं घालवलं! ओरडायला तोंड उघडलं आणि एकदम उमगलं. आबा माझ्या पायांवरून गाणी ऐकत होते. पाऊल लांब पडलं की गाणं लागलंय, आखूड पडलं की संपलंय. चार महिने मी खोटं पळत होतो आणि ते त्यावर गाणी ऐकत होते.

मी पाऊल लांब टाकलं. आबांनी समाधानाने बटणावरचा हात काढला. खरखर तशीच चालू राहिली.

तुंगच्या फाट्यावर एस.टी.ची वाट बघणारी माणसं हसायला लागली. “आवं फौजी, काय ऐकताय? नुसती खरखर लागलीया!” आबांना वाटलं, शाबासकी देताहेत. त्यांनी ऐटीत हात वर केला. आता मी ढिला पडलो असतो, तर त्यांनी माझे पाय बघितले असते, मग ती हसणारी तोंडं पुन्हा नीट बघितली असती, आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं असतं. पुन्हा ती भिंत आली असती. पोटात कळ येत होती, टाचेचा फोड फुटून कॅनव्हासचा बूट ओला झाला होता, पण पाऊल आखूड करायची सोय नव्हती. दिग्रज गेलं, कृष्णेचा पूल आला, तरी मी त्या खरखरीवर लांब लांब टांगा टाकत होतो. इतक्या हट्टाने मी जन्मात काही केलं नाही.

नववा आलो. मी थांबलो तसा आबांनी ट्रान्झिस्टर बंद केला. सायकल भिंतीला टेकवून पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला.

“शेवटाला गानी लय झ्याक लागली व्हती, व्हय रं?”

श्वास छातीत मावत नव्हता. तरी मी त्यांच्यासमोर नीट उभा राहिलो आणि एकेक शब्द ओठांवर आणत म्हणालो, “लय झ्याक व्हती, आबा.”