मध्ये आलेली माणसं

नातवंडांनो, हिवाळ्यात मी ॲन आर्बरला तुमच्या आत्याकडे राहायला येते, तेव्हा मला काहीतरी काम लागतं. मसाल्याच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावून होतात, टॉवेल आकाराप्रमाणे रचून होतात, आणि मग खिडकीतून बर्फ बघण्याशिवाय काही उरत नाही. तुमच्या सनीव्हेलला निदान बाहेर पडून फिरता येतं. यंदा आत्याच म्हणाली, "आई, माझं कपाट तिसऱ्यांदा लावण्यापेक्षा तू फोटो लाव."

फोटो केनियातले होते. आत्याची एक विद्यार्थिनी तिथल्या माळरानावर पीएचडी करते आहे. तिने झाडांना कॅमेरे बांधून ठेवले आहेत. समोर काही हललं की फोटो निघतो. तिचा प्रश्न साधा होता. एकाच माळावर एका तुकड्यात प्राण्यांची गर्दी असते आणि शेजारच्या तुकड्यात कुणी फिरकत नाही, असं का? कुठे दाट झुडपं, कुठे उघडं गवत, कुठे तारेचं कुंपण, कुठे गुरं. यातलं काय प्राण्यांना बोलावतं आणि काय हाकलतं?

ती मुलगी त्याच माळावर वाढलेली, गुरं राखणाऱ्या घरातली. रविवारी आमच्याकडे जेवायला येते. वरणभातावर तिखट लोणचं घेते आणि डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा मागते. तुमचे व्हिडिओ कॉल ऐकून ऐकून तीही मला 'आजी' म्हणायला लागली. एवढा एक शब्द सोडला तर आमचं सगळं बोलणं इंग्रजीत होतं.

काम कठीण नव्हतं. फोटो बघायचा आणि खालचं योग्य बटण दाबायचं: झेब्रा, हरीण, तरस, ससा, पक्षी. एक बटण 'माणसं किंवा गुरं' असं होतं. शेवटचं 'काही नाही'. वाऱ्याने गवत हललं आणि कॅमेरा फसला, तर ते दाबायचं. मी सगळं आयुष्य इंग्रजी शाळेत भूगोल शिकवला. मुलांच्या नकाशात जंगलाचा हिरवा रंग गावाच्या हद्दीत सांडला, तर अर्धा गुण कापायचे. त्यामुळे हे काम मला माझंच वाटलं. रोज आंघोळ, पूजा आटोपून मी लॅपटॉपसमोर बसू लागले.

सुरुवातीला मी गुरांचं बटणही इमानाने दाबत होते. पण गुरं येतच राहिली. गायींच्या रांगा, शेळ्यांचे कळप, काठी खांद्यावर आडवी घेतलेले पुरुष, पाण्याचे पिवळे कॅन घेतलेल्या बायका. मला कंटाळा आला, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. एवढा सुंदर माळ, आणि त्यात ही माणसं सारखी मध्ये येतात! अभ्यास रानटी प्राण्यांचा आहे. पोरीला हा कचरा पुन्हा चाळावा लागायला नको, असं मी मनाशी ठरवलं. मग असा फोटो आला की मी 'काही नाही' दाबू लागले. कुणाला विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एक काकू मला म्हणाल्या, "काय हो, आता आफ्रिकेतही आवराआवर का?"

"हो ना," मी म्हणाले, "जंगल झाडून काढतेय."

सगळे हसले. मीही हसले. ते हसू आठवलं की आज कान गरम होतात.

बर्फ वितळायला लागलं त्या सुमारास ती मुलगी एका शनिवारी लॅपटॉप घेऊन आली. काही दिवसांनी तिला प्राध्यापकांच्या समितीसमोर कामाचा निष्कर्ष मांडायचा होता. त्यांनी होकार दिला तरच ती उन्हाळ्यात पुढच्या कामासाठी केनियाला जाऊ शकणार होती. ती आणि आत्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या होत्या. मी चहा टाकत होते.

"प्रोफेसर, हे विचित्र आहे," ती म्हणाली. "जानेवारीपासून एकही गाय नाही. एकही माणूस नाही. माझं घर तिथे आहे. आमची गुरं काय विमानाने चरायला जातात?"

आत्या हसली. "कॅमेरे बिघडले असतील."

"झेब्रे दिसतायत की!" तिने 'काही नाही'चा ढीग उघडला. गवत, गवत, मग गायी. मग शेळ्या. मग एका फोटोवर तिचा हात थांबला. लाल कापड पांघरलेली एक बाई पाठमोरी चालली होती आणि एक शेळी मागे वळून कॅमेऱ्याकडे बघत होती.

"ही माझ्या आईची बहीण," ती आनंदाने म्हणाली. "ही तिची आगाऊ शेळी. मी ओळखते तिला!" मग तिने फोटोखालचे शब्द वाचले. आनंद जरा ओसरला. "हिच्याखाली 'काही नाही' कुणी लिहिलं?"

चहा उकळून वर आला होता. मी गॅस बंद केला. "मी," म्हणाले.

आत्या मराठीत म्हणाली, "आई, माणसांचं बटण होतं ना? मी दाखवलं होतं तुला."

"होतं. पण मला वाटलं, तुमचा अभ्यास प्राण्यांचा. ही माणसं मध्ये आलेली."

"काय म्हणतायत आजी?" मुलीने विचारलं. आत्याने सांगायचं टाळलं. मग मीच इंग्रजीत सांगितलं, जसंच्या तसं.

ती चिडली नाही. माझ्याकडे बघून तिने शांतपणे विचारलं, "मध्ये म्हणजे कशाच्या मध्ये, आजी?"

मी चहा गाळायला वळले.

नंतर तिने कागदावर एक गोल काढून मला समजावलं. तिचे लोक काट्याच्या फांद्या रचून असा गोल करतात आणि गुरं त्यात बसवतात. पुढे मुक्काम हलतो, काटे कुजतात, शेण मातीत मुरतं. मग त्या जागी आखूड, कसदार गवत येतं आणि कितीतरी वर्षं टिकतं. हरणं आणि झेब्रे तिथेच जमतात, कारण चारा चांगला आणि दबा धरून बसलेला सिंहही लांबून दिसतो. अशा जुन्या-नव्या गोलांमुळे माळ ठिगळाठिगळांचा होतो, आणि प्रत्येक ठिगळावर वेगळा जीव येतो. पण माणूस फार झाला, कुंपणं पडली, गुरं एकाच जागी कोंडली, तर तीच जमीन उघडीबोडकी होते. कुठवर भलं आणि कुठून वाईट, हेच तिला शोधायचं होतं. आणि नेमकी माणसंच मी पुसून टाकली होती.

ती बोलत होती आणि मला माझ्या मामाचं शेत दिसत होतं. पीक निघालं की धनगर मेंढ्या घेऊन येत. मामा स्वतः वाटेवर जाऊन त्यांना अडवायचा, "पाव्हणं, आधी आमच्यात बसवा." त्यांना धान्य द्यायचा. वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढ्या रानात बसवल्या की पुढच्या वर्षी त्या तुकड्यातली ज्वारी वेगळी ओळखू यायची. मेंढ्यांमागून साळुंक्या यायच्या, बगळे यायचे. आईने मात्र बजावलेलं असायचं, तिकडे जाऊ नका, फ्रॉकला वास लागेल. पुढे मीही मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं: इथे जंगल, इथे वस्ती, मध्ये काळी रेघ. शेण मातीत गेलं की काय होतं हे मला केनियातून कळायची गरज नव्हती. पण त्या टेबलाशी मी मामाचं नावही काढलं नाही. आमच्याकडेही असं असायचं, हे म्हणायची त्या क्षणीसुद्धा लाज वाटली. आता त्या लाजेचीच लाज वाटते.

"मी परत बघते सगळे," मी म्हणाले. "आजच बसते."

"नको आजी. ते मी करते," ती म्हणाली. अगदी अदबीने. त्या अदबीने फार लागलं.

पुढचे दिवस ती आणि आत्या रोज संध्याकाळी टेबलाशी बसून माझा ढीग पुन्हा चाळत होत्या. खरंच नुसतं गवत कुठलं आणि माझं 'काही नाही' कुठलं, हे बघितल्याशिवाय कळण्यासारखं नव्हतं. मी पोळ्या करून देत होते आणि त्यांच्या पाठीमागून जाताना पडद्याकडे बघायचं टाळत होते. आत्या म्हणायची, "आई, पुरे आता, असं तोंड करून फिरू नकोस." दुसरं कुठलं तोंड करावं ते मला कळत नव्हतं.

सगळे फोटो वेळेत झाले नाहीत. दोन कॅमेरे तिला वगळावे लागले. एका प्राध्यापकाने कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, छाननीत चूक झाली, दुरुस्ती चालू आहे. कुणाची चूक, ते तिने सांगितलं नाही. होकार मिळाला. हे मला आत्याने सांगितलं. ती स्वतः त्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

पुढच्या रविवारी ती जेवायला आली आणि हसत म्हणाली, "मावशीला फोनवर तुमची गोष्ट सांगितली, आजी."

माझा घास हातातच राहिला. "काय म्हणाली?"

"म्हणाली, त्या आजीच्या गावात गुरं नसतात का?"

तेव्हा मी तिला मामाचं शेत सांगितलं. धनगर, वाघूर, ज्वारी, बगळे, आणि फ्रॉकचा वाससुद्धा. तिने मधे मधे प्रश्न विचारले: मेंढ्या किती दिवस बसत, कुंपण कशाचं, पक्षी कुठले. मग म्हणाली, "हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"मेंढ्यांची?"

मी मान डोलावली. तिने पुन्हा लोणचं मागितलं.

जेवण झाल्यावर तिने लॅपटॉप उघडून माझ्यापुढे सरकवला. नवीन फोटो आले होते. पहिल्यात ससा होता, दुसऱ्यात नुसतं गवत. तिसऱ्यात खांद्यावर आडवी काठी घेतलेला एक म्हातारा आणि त्याच्यामागे चार गायी. ती तोवर माझ्या खुर्चीच्या मागे येऊन उभी राहिली होती. मी 'माणसं किंवा गुरं' हे बटण दाबलं, आणि ते दाबलेलं बघितल्यावरच ती तिथून हलली.