चेअरमनचे दात

एकविसाव्या दिवशीही चेअरमनने तोंड उघडलं नाही, तेव्हा कवळीवाल्या काकांनाही जेवण जाईना.

चेअरमन म्हणजे पुढच्या खोलीतल्या चार फुटी काचेच्या टाकीतला मासा. नाव सुनेने ठेवलेलं. दिवसभर वाळूत अंग पुरून बसायचं, डोळे आणि तोंड तेवढं बाहेर ठेवायचं, येणाऱ्याजाणाऱ्याकडे नापसंतीने बघायचं आणि काम शून्य. दुसरं काय नाव ठेवणार? तशी जात शिकारी, पण कुठली ते कोणाला ठाऊक नव्हतं. दुकानदाराने ‘फुगा मासा आहे, घाबरला की फुगतो’ एवढं सांगून गळ्यात मारला होता. फुग्यांच्या जाती ढीगभर. काहींच्या पाण्यात मीठ घालावं लागतं, काहींना तेच मीठ मारतं.

काका दातांचे डॉक्टर नव्हते. डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवायच्या, काका मागच्या खोलीत त्यावर कवळी बनवायचे. मेण तापवायचं, दात बसवायचे, घासायचं, बघायचं, पुन्हा घासायचं. केसभर उंची जास्त राहिली तरी माणसाला घास चावता येत नाही. चाळीस वर्षं हे केल्यावर हाताला घाई कशी ती उरली नव्हती. कवळी देताना बजावणं मात्र एकच: “मऊ खा. दातांवर जोर नको.”

शिकारी मासे पाळणाऱ्यांचा फोनवर एक गट होता. त्यातल्या जाणत्याला सगळे मगरमामा म्हणत. काकांनी तोंडाचा फोटो पाठवला. मामांचा लगेच फोन आला.

“चोच वाढलीय हो! वरचे दात खालच्यांवर चढलेत. उघडणार कसं तोंड? फुग्याचे दात उंदरासारखे जन्मभर वाढतात. खायला काय घालता?”

“गोगलगाई. कोळंबी.”

“कवचासकट ना?”

“छे! एकेक सोलून देतो. सुईने. आठ महिने झाले, एक दिवस चुकलो नाही.”

 मामा असे हसले की काकांना फोन कानापासून लांब धरावा लागला.

“अहो, कवच फोडायलाच दात दिलेत त्याला! त्याच्यावरच घासले जातात ते. तोंडभर दात असताना तुम्ही त्याला म्हातारा करून टाकलात!”

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, “मला लग्नापासून कधी लसणाची एक पाकळी सोलून दिली नाही!”

काकांना हसू आलं नाही. मासा उपाशी मरत होता आणि मारत होते ते स्वतः, तेही इतकी मेहनत घेऊन. मामा म्हणाले, दात कापावे लागतील. फार तर आठवडाभर तग धरेल. लवंगेच्या तेलाच्या पाण्यात गुंगी द्यायची आणि पाण्याबाहेर काढायचा नाही, कारण हवा भरून फुगला तर ती बाहेर काढणं कठीण. “आणि जमलं तर वरून एक फोटो काढा. जात वरूनच कळते. तोवर मीठ घालू नका.”

लवंगेचं तेल! डॉक्टरीणबाईंच्या साच्यांना त्याचाच वास यायचा. काकांना एकदम आपल्या खोलीत असल्यासारखं वाटलं.

त्यांनी आधी प्लॅस्टरची चोच केली. मापाला मासा हजर नव्हता, म्हणून फोटोवरून केली. बारीक कटरने टोक कापलं. तडा गेला. दुसरी केली. तडा. अकरावीला तडा गेला नाही. तरी आणखी सहा केल्या.

“आता माशाला कवळी बसवणार का?” काकूंनी विचारलं.

“सतरावीला हात बसला.”

“माझ्या ओट्याचा मात्र कारखाना झाला.”

रविवारी सकाळी पसरट घमेल्यात टाकीचंच पाणी घेतलं. तेलाचे थेंब छोट्या बाटलीत पाण्याबरोबर दुधासारखे पांढरे होईपर्यंत हलवले आणि थोडे थोडे करून घमेल्यात सोडले. काकूंकडे टॉर्च. सून मोटार ड्रायव्हिंग शाळेत शिकवायची. तिच्याकडे घड्याळ आणि तोंडाचा पट्टा.

“बाबा, खांदे सैल. समोर बघा. घाई नाही.”

“मी काय गाडी चालवतोय?”

“सगळे असंच म्हणतात आणि खांब गाठतात.”

चेअरमन आधी रागाने गोल फिरला, मग कलंडला, मग पोट वर करून निवांत पडला. काकांनी ओल्या हाताने त्याला पाण्याखालीच सरळ धरलं. वाळू धुऊन गेली आणि पहिल्यांदाच त्याची उघडी पाठ सगळ्यांना वरून दिसली.

“अहो,” काकू म्हणाल्या, “याच्या डोक्यावर बाण आहे.”

खरंच होता. तांबडा, रेखीव, टोक तोंडाकडे. सुनेने एका हाताने फोटो काढून पाठवला. तत्काळ फोन वाजला. स्पीकरवर मगरमामा किंचाळत होते, “बाणवाला फुगा! बाणवाला! तीस वर्षांत दोनदा पाहिलाय मी! गोड्या पाण्यातलाच, मीठ अजिबात नको! काका, ऐकताय ना? काय दुर्मिळ—”

“जात नंतर,” काका म्हणाले. “दात आधी. बंद कर तो फोन.”

“पन्नास सेकंद,” सून म्हणाली.

कट्. वरचं डावं टोक. कट्. उजवं. खालचं एक निसटलं, काकांनी श्वास सोडला, पुन्हा धरलं. काकूंच्या हातातला टॉर्च छतावर, भिंतीवर, काकांच्या नाकावर नाचत होता.

“माशावर धर गं!”

“माशावरच धरलाय, मीच हलतेय!”

कट्. “आणखी किंचित,” काका पुटपुटले आणि चौथं टोक केसभर घेतलं. रक्ताचा थेंब नाही.

चेअरमन टाकीत परत गेला. हवेच्या नळीसमोर धरून ठेवल्यावर सहाव्या मिनिटाला कल्ले जोरात हलले, आणि तो काकांच्या बोटावर शेपटी मारून वाळूत शिरला.

सोमवारी काही खाल्लं नाही. मंगळवारीही नाही. मामांच्या गटात बाणाच्या फोटोवर दोनशे लोक नाचत होते. काकांनी एकालाही उत्तर दिलं नाही.

बुधवारी त्यांनी एक गोगलगाय अख्खी सोडली. न सोलता सोडताना हात जड झाला. ती वाळूवर चार इंच चालली. चेअरमनचे डोळे वळले. तोंड उघडलं. वाळूचा फवारा उडाला.

कट्.

कवचाचे तुकडे काचेवर येऊन आपटले.

“खाल्लं!” काका ओरडले, आणि ज्या माणसाने चाळीस वर्षांत कधी मेणाचा थेंब सांडला नव्हता त्याने गोगलगाईंचा डबाच पालथा केला. गोगलगाई टेबलाखाली, सोफ्याखाली, सुनेच्या बुटात. काकू हसत हसत जमिनीवर बसल्या. सून गुडघ्यावर रांगत गोगलगाई वेचत होती, “बाबा, हलू नका, पायाखाली आहे!” काका एका पायावर उभे राहून डोळे पुसत होते.

“अजून एक टाका,” काकू म्हणाल्या. “मला जवळून ऐकायचंय.”

तिघांनी काचेला कान लावले.

कट्.