यंत्राची आंघोळ

बसच्या तिकीट कचेरीत त्यांना सगळे आंघोळमास्तर म्हणत. रोज दुपारी खिडक्यांवरची गर्दी ओसरली की ते मागच्या थंडगार खोलीत जात, मुख्य सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करत आणि डोळे चोळत बाहेर येत. "झाली का आंघोळ?" पहिल्या खिडकीवरची बाई विचारी. "झाली बाई, चालू द्या तुमचं," म्हणत ते खुर्चीत अंग टाकत. सुट्टीच्या दिवशीही ही आंघोळ चुकत नसे. माणूस पार पिचून गेला होता, पण सांगणार कोणाला?

दुखणं यंत्राच्या पोटातलं होतं. नेटवर्कवरून निरोप येतो तो तुकड्यातुकड्यांनी. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, मास्तरांच्या धंद्यात त्याला कर्नल म्हणतात, आलेले तुकडे मेमरीत ठेवतो आणि उरलेल्यांची वाट बघतो. उरलेले आलेच नाहीत, तर थोड्या वेळाने आहेत ते फेकून द्यायचे, एवढं साधं काम. नेमकं तेच हा कर्नल विसरायचा. जोडीदार सापडेल म्हणून कपाटभर एकेकटे मोजे साठवणाऱ्या माणसासारखी त्याची गत! रोज बंद करून मेमरी रिकामी केली नाही, तर ती भरत भरत गच्च होणार आणि मग यंत्र ढिम्म. कोणी मुद्दाम अर्धेच तुकडे पाठवत बसला असता तर बघायलाच नको.

कर्नल बनवणाऱ्यांनी दुरुस्ती पाठवून दिली होती. ती बसवायची परवानगी मागायला मास्तर साहेबांकडे कितीदा तरी गेले.

"अहो, पण ते कधी बंद पडलंय का?" साहेब विचारत.

"नाही, कारण मी रोज..."

"मग झालं तर! चालत्या गाडीला कशाला खीळ घालता?"

मास्तर कपाळाला हात लावत. यंत्र पडायच्या आधीच ते त्याला उठवत, म्हणून ते कधी पडलं नाही. आणि पडलं नाही म्हणून त्यातला दोष कोणाला दिसेना. स्वतःच्या निगुतीनेच त्यांचा घात केला होता.

अशात अक्काचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आई गेल्यावर या थोरल्या बहिणीनेच मास्तरांना वाढवलं होतं. ती लांबच्या गावी एकटी राहायची. ऑपरेशनला आत नेण्याआधी तिच्याजवळ असावं, एवढंच मास्तरांना हवं होतं. साहेबांनी रजेचा अर्ज बाजूला सारला. "आणि आंघोळ कोण घालणार?"

फोनवर अक्का हसून म्हणाली, "अरे, मी ठणठणीत आहे. तू तुझं यंत्र सांभाळ." मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जागचे हललेच नाहीत.

"आंघोळ?" बाईने विचारलं.

"आज नाही."

पडद्यावर मेमरीचा आकडा चढत होता. मास्तरांचे हात शिवशिवत होते, पण ते हाताची घडी घालून बसून राहिले. संध्याकाळी ऐन गर्दीत सगळ्या खिडक्या एकदम ठप्प झाल्या. लोकांनी आरडाओरडा सुरू केला. साहेब धावत आले.

"मास्तर, काय केलंत हे?"

"काही नाही केलं साहेब. आज पहिल्यांदाच काही केलं नाही."

साहेबांचा चेहरा पडला. "करा बाबा ती तुमची दुरुस्ती, पण लवकर करा!"

दुरुस्ती बसायला चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला. आकडा थोडा चढला आणि आपला आपण उतरला. मास्तर नुसते बघत राहिले.

"एवढंसंच होतं होय?" साहेब म्हणाले. "मग आधी नाही का करायचं?"

तोंडापर्यंत आलेली शिवी मास्तरांनी गिळली. भांडायलाही अंगात त्राण नव्हतं. त्यांनी रजेचा अर्ज पुढे केला आणि साहेबांनी मुकाट्याने सही केली.

बसमध्ये जागा मिळाल्यावर त्यांनी अक्काला फोन लावला. "निघालोय गं."

"आणि तुझं यंत्र?"

"त्याला आता माझी गरज नाही."

अक्का अगदी बारीक आवाजात म्हणाली, "खरंच येतोयस? मग आता मी घाबरले तर चालेल ना रे?"