अण्णांचा मिस कॉल

अण्णांना काही विचारलं की उत्तर लगेच यायचं नाही. ते समोरच्याकडे बघत थांबायचे, मग बोलायचे. नव्या माणसाला वाटे, यांना कमी ऐकू येतं. खरं म्हणजे सूर्याचा अभ्यास करणारं आमचं यान इतकं लांब, की इथून दिलेली आज्ञा पोचून उत्तर परत यायला थोडा वेळ जातोच. तेवढ्यात दुसरं काही पाठवायचं नाही, हा अण्णांचा नेम. तो अंगात असा भिनलेला, की जेवताना मीठ मागितलं तरी ते आधी थांबायचे. "कामून घाई करायलीस? बोलणं पोचू तर दे," मला म्हणायचे.

ते मन्नाएखेळ्ळीचे, मी शेजारच्या चिटगुप्प्याची; दोन्ही गावं सीमाभागातली, मराठी बोलणारी. यान सांभाळणाऱ्या बेंगळुरूजवळच्या आमच्या केंद्रात दिवसभर कन्नड आणि इंग्रजी चाले. मराठी आम्हा दोघांतच. पहिल्याच दिवशी "कुणाची गं तू?" असं विचारून त्यांनी मला लेक करून टाकलं. काम रोजचंच. दुपारी यानाशी संपर्क जुळला की बॅटरी, तापमान, तोंड सूर्याकडे आहे ना, ते बघायचं. साठलेली निरीक्षणं उतरवून घ्यायची, उद्याच्या आज्ञा पाठवायच्या. मला लवकरच कंटाळा आला. अण्णांना कधीच आला नाही. यानाला ते 'बाई' म्हणत. पडद्यावरचे आकडे हिरवे दिसले की खुर्चीत रेलून म्हणायचे, "बाई बरी हाय."

गावी शेत सांभाळणाऱ्या त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. अक्का त्या बाईला 'सवत' म्हणायच्या. युगादीच्या सणालासुद्धा नवरा घरी येत नाही म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार? "तिच्यापाशीच ऱ्हावा तुमी!" हे फोनमधून मलाही ऐकू यायचं. अण्णा सवयीनं थांबायचे, तोवर अक्कांनी फोन आपटलेला असायचा.

एकदा यानाकडून माहितीच येईना; नुसता बारीक संकेत तेवढा येत राहिला. मी रडकुंडीला आले. अण्णा म्हणाले, "आपल्याकडं माणूस गावाला पोचलं की मिस कॉल देतंय. त्यो उचलायचा असतोय व्हय? वाजला म्हंजे पोचलं. बाई मिस कॉल द्यायलीय, पोरी. हाय ती." थोड्या वेळानं माहिती सुरू झाली.

पुढे अण्णांचा घसा बसला, तो बसलाच. गुलबर्ग्याला ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. ते गावी गेले, कायमचे. मग एका दुपारी, संपर्क संपायच्या सुमाराला, माझा फोन एकदा वाजून थांबला. अण्णांचा नंबर. मी उलटा फोन केला. पलीकडे नुसता श्वास. "अण्णा, बाई बरी हाय," मी म्हणाले. जरा थांबून पलीकडून फोनवर बोट वाजलं, टकटक.

त्यानंतर रोज हेच. सूर्यावर आज केवढं वादळ उठलं, बॅटरी कशी आहे, मी सांगायची. ते थांबून टकटक करायचे. मला त्यांची खुशाली त्या एका रिंगेतच मिळायची.

एका दुपारी फोन वाजला नाही. संध्याकाळी गावाकडून निरोप आला.

मी मन्नाएखेळ्ळीला जाऊन आले. अक्कांपाशी नुसती बसले. परत कामावर आले. संपर्क जुळे, आकडे हिरवे दिसत, आणि हे आता सांगायचं कुणाला, म्हणून रडू येई.

तेरावं झालं. त्यानंतर एका दुपारी फोन एकदाच वाजला आणि थांबला. अण्णांचा नंबर. मी उलटा फोन केला आणि थांबले.

पलीकडेही कुणी थांबून राहिलं होतं. मग अक्का म्हणाल्या, "पोरी, सवत कशी हाय?"