समाधानी ग्राहक

नायगाव स्टेशनजवळ फ्लेक्स छापणारा तो माणूस हल्ली वेबसाइटही करून देतो. वाढदिवस असो की श्रद्धांजली, आमच्या चौकातला बॅनर त्याच्याकडचाच. दुकानात पाऊल टाकलं की आधी मोबाइल वर करतो. "हसा जरा. फोटो कधी ना कधी कामाला येतो."

माझ्या मसाल्यांच्या वेबसाइटवर लोक यायचे नि लगेच निघून जायचे. "ताई, माणूस चेहरा बघून थांबतो," असं म्हणत त्याने ती नवी करून दिली. काल उघडून बघते तर 'समाधानी ग्राहक' या मथळ्याखाली माझी मावशी हसतेय! गेल्या गणपतीआधीच ती गेली. श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी हा फोटो मीच त्याला दिला होता. तिच्या शेजारच्या फोटोतले काकाही चौकातल्या बॅनरवर हार घातलेले पाहिले होते.

तशीच दुकानात गेले.

"अहो, ही सगळी गेलेली माणसं आहेत!"

"म्हणून तर टाकली," तो शांतपणे म्हणाला. "जिवंत माणूस फोटो बघून भांडायला येतो. यांची एक तक्रार नाय."

बोलता बोलता त्याने मोबाइल वर केला.

"हसा जरा, ताई."

आणि मी हसले.