ऑर्विल ब्रेकहुसचं आमंत्रण

ऑर्विल ब्रेकहुस हेगलंडच्या ल्युथरन चर्चचा अध्यक्ष झाला, कारण निवडणुकीच्या वेळी तो बाहेर गाडी गरम करायला गेला होता. नॉर्थ डकोटाच्या थंडीत गाडी गारठली की घरी जायचं नाव नको. तो हात चोळत चर्चच्या तळघरातल्या सभेत परतला, तोवर टाळ्यासुद्धा वाजून झाल्या होत्या. पुढे त्याचे केस पांढरे झाले, तरी अध्यक्ष तोच. त्या काळी हेगलंडमध्ये कुणाला पदावरून काढणं म्हणजे त्याच्या ताटातला बटाटा उचलण्यासारखं असे.

काय दिवस होते ते! रविवारी तळघरात कॉफी उकळायची, ओल्या लोकरी कोटांचा वास सुटायचा, आणि शेकडो एकर गव्हाचे मालक केकचा शेवटचा तुकडा एकमेकांकडे ढकलत बसायचे. छप्पर गळलं की ऑर्विल शिडी लावायचा, चर्च गरम ठेवणारी भट्टी विझली की ऑर्विल काजळीत शिरायचा. फक्त देवाबद्दल बोलायची वेळ आली की त्याला खोकला यायचा. श्रद्धा नव्हती असं नाही, चांगली गाढ होती. पण ती त्याच्या आतल्या लोकरी कपड्यांसारखी. हिवाळाभर अंगात असायची, दाखवायची कुणाला?

अशा माणसाला फार्गो शहरातून आलेल्या पास्टर व्हिटकॉम यांनी देवाबद्दल बोलायला शिकवायचं ठरवलं. पास्टर मूळचे दक्षिणेकडचे, हसले की दाढांपर्यंत दिसायचे. आसपासच्या चर्चांचे सगळे पुढारी त्यांनी तळघरात जमवले आणि सांगितलं, "शेजारच्याला सांगा, देवानं तुमच्यासाठी काय केलं!" सगळे शेजारच्याकडे वळले आणि बीटाच्या पिकाबद्दल बोलू लागले. शेवटी पास्टरांनी सोपा नियम दिला. चर्चपासून तुटलेला एक माणूस मनात धरा. त्याला एकदाच, स्पष्ट विचारा. नाही म्हणाला तर मान ठेवा, मागे लागू नका.

ऑर्विलच्या मनात एकच नाव होतं. हॅल्वर न्यूगार्ड. जन्मभर चर्चच्या बाकावर त्याच्या शेजारी बसलेला दोस्त. बायको इंगा गेली आणि हॅल्वर यायचा थांबला. त्याची जागा कुणी घेतली नव्हती. ऑर्विल तिथे टोपीसुद्धा ठेवत नसे. तो परत यावा, एवढंच त्याला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तो हॅल्वरच्या स्वयंपाकघरात टोपी फिरवत बसला.

"रविवारी चर्चला येतोस?"

"नको रे. तुला कशाला त्रास."

"बरं," म्हणून ऑर्विल उठला. नियम म्हणजे नियम.

घरी त्याची बायको सोल्वेग भांडी घासत होती. तिनं ऐकलं आणि हातातलं पातेलं खाली ठेवलं. "एवढ्यावर परत आलास? अरे, तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय आपल्यात कुणी कॉफी तरी घेतलीय का?"

"पण पास्टर म्हणाले—"

"त्यांना काय ठाऊक! तो माणूस पहिल्या हाकेला केक उचलतो. तू मागणी घातलीस तेव्हा मीही 'कशाला उगीच' म्हटलं होतं. तेव्हा बरा ठाण मांडून बसलास!"

ऑर्विल कानापर्यंत लाल झाला आणि तसाच गाडीत जाऊन बसला.

हॅल्वरनं दार उघडलं. "काय, काही विसरलास?"

"हो. रविवारी येतोस का?"

"कोट आता होत नाही मला."

"माझा घाल. येतोस?"

झालं तिसऱ्यांदा विचारून. रिवाजाप्रमाणे आता 'बरं, तू म्हणतोस तर' यायला हवं होतं. पण हॅल्वर टेबलाशी बसला आणि म्हणाला, "का बोलावतोयस ते सांग. फार्गोवाल्यांनी धाडलं म्हणून?"

ऑर्विलला खोकला आला. बराच आला. मग तो खिडकीतून बाहेर बघत बोलू लागला, कारण हॅल्वरकडे बघून ते जमलं नसतं.

"आमची धाकटी गेली तेव्हा मला प्रार्थना म्हणता येईना. शब्दच येईनात. तू शेजारी होतास, तुझा तो भसाडा आवाज चालू होता. मला वाटलं, हा माझ्या वाटची म्हणतोय. देव आहे, हे मला तेव्हा पटलं. पास्टरच्या प्रवचनानं नाही." त्यानं नाक पुसलं. "आता तुला जमत नसेल, तर प्रार्थना म्हणू नकोस. नुसता बस. तुझ्या वाटची मी म्हणतो."

हॅल्वर बराच वेळ टेबलावरची रेघ अंगठ्यानं घासत राहिला.

"तुझा आवाज माझ्याहून वाईट आहे."

"हो."

"किती वाजता न्यायला येशील?"

रविवारी हॅल्वर ऑर्विलच्या कोटात, बाह्या मनगटाच्या वर, आपल्या जागी बसला. त्याचे ओठ हलले नाहीत. प्रार्थना सुरू झाली आणि ऑर्विलनं दोघांच्या वाटची एकदमच म्हणायला घेतली, अशी खणखणीत, की पुढचे दोन बाक मागे वळून बघू लागले. देवाचं नाव चारचौघांत इतक्या मोठ्यानं त्यानं आयुष्यात घेतलं नव्हतं. कान लाल झाले, पण तो थांबला नाही.

हॅल्वरनं त्याला कोपरानं ढोसलं.

"हळू," तो पुटपुटला. "पुढचं मी म्हणतो."