उजवीकडून काढलेली कपाशीची पट्टी

माझ्या ब्लॉगवर दोन मजकुरांच्या मध्ये कपाशीची जी पट्टी असायची, ती माझी नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं लिहिताना धीर सुटला, तरी निदान एवढं लिहिलेलं राहील.

मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर वाशिमला घर केलं आणि जुन्या आठवणी ब्लॉगवर लिहायला लागलो. वाचणारे बहुतेक माझे विद्यार्थी, काही जुने सहकारी. माझे लेख लांब असतात. गेल्या वर्षी माझी नात म्हणाली, आबा, वाचता वाचता डोळे दमतात, मध्ये मध्ये डिव्हायडर टाका. बसस्टँडसमोरचा डिव्हायडर मला माहीत होता, लिखाणातला नव्हता. तिनं तिचा जुना टॅबलेट मला दिला, त्यात चित्रं काढायचं ॲप घालून दिलं आणि समजावलं की पट्टी रुंदीला लांबलचक आणि उंचीला बोटभर ठेवायची. पहिल्या पट्टीची मागची पांढरी बाजू बंद करायला मी विसरलो. ब्लॉगच्या बदामी पानावर ती जखमेवर बांधलेल्या फडक्यासारखी दिसली. मग शिकलो. रेघा एका थरावर, रंग दुसऱ्या थरावर, आणि खाली काहीच नाही.

पट्टीत काय काढायचं, याचा विचार मी केलाच नाही. हात आपोआप कपाशीकडे गेला. पाती म्हणजे कपाशीची कळी, फूल, हिरवं बोंड, मग चार पाकळ्या उघडून फुटलेलं बोंड, आणि पुन्हा पाती. लोकांना पट्टी फार आवडली. लेखापेक्षा पट्टीवरच जास्त बोलणं होऊ लागलं. एकानं विचारलं, सर, ही कल्पना कुठून सुचली? मी लिहिलं, आपल्याच मातीतून सुचली. खोटं मी फार सहज लिहितो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

केनवडकडच्या एका विद्यार्थ्यानं मात्र मला पेचात पकडलं. तो शेती करतो. त्यानं लिहिलं, "सर, तुमच्या पट्टीत डावीकडून पाहिलं तर कापूस आधी फुटते अन् फूल मागून येते. असं कोणतं बियाणं हाय, आमालेबी सांगा." सगळे हसले. मी उत्तर दिलं की आठवणीत काळ उलटा चालतो, म्हणून पट्टीही उलटी. त्या उत्तरावर मला बऱ्याच शाबासक्या मिळाल्या. पण खरं कारण तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. ॲपमध्ये चित्र उलटं करायचं बटण आहे. मी एकदा ते दाबून पाहिलं. पट्टी बरोबर झाली, पण मला ती बघवेना. पुन्हा होती तशी केली.

मग माझा आणखी एक विद्यार्थी, जो आता एका शाळेचा मुख्याध्यापक आहे, त्याचा फोन आला. शाळेच्या लांब भिंतीवर हीच पट्टी रंगवायची आणि खाली माझं नाव टाकायचं, असं त्यानं ठरवलं होतं. भिंतीला पांढरा हात देऊन झालाय, पेंटरला मोठी प्रत पाठवा, म्हणाला. मी हो म्हटलं.

मोठी प्रत नातीनं काढून द्यायची होती. ॲपमध्ये एक सोय आहे. चित्र पहिल्या रेघेपासून कसं होत गेलं, ते ॲप लक्षात ठेवतं आणि भराभर पुन्हा दाखवतं. तिनं गंमत म्हणून ते लावलं. पाहता पाहता तिनं विचारलं, "आबा, तुम्ही डावखुरे आहात का?"

मी म्हटलं, नाही.

"मग उजवीकडून काहून काढता? काढलेल्यावरूनच तुमचा तळहात घासत जातो. मधातमधात डाग पडलेत, ते पाहा."

मी टॅबलेट तिच्या हातातून घेतला. पडद्यावर हात दिसत नाही, नुसत्या रेघा उमटत जातात. उजव्या टोकाला आधी पातीचा ठिपका पडला. मग फूल. मग बोंड. मग डावीकडे, आणखी डावीकडे. हात दिसत नसल्यामुळे तो माझाच आहे, असं म्हणायला काही आधार नव्हता. तो हात मी ओळखला. नात काय विचारत होती, ते मला ऐकू येईना. मी ते चारपाच वेळा पाहिलं आणि दर वेळी तोच हात दिसला. माझ्या धाकट्या बहिणीचा, डावा.

ती डावखुरी. जेवताना डावा हात पुढे केला की आई हातावर चापट मारायची, पण चित्र काढताना कधी काही म्हणायची नाही. दिवाळीत सारवलेल्या भिंतीवर बहीण गेरूनं पट्टी ओढायची आणि आई मागून गेरूची वाटी धरून सरकायची. तिच्याजवळ कोऱ्या पानांची एक वही होती. पानापानावर अशाच पट्ट्या. शाई पुसली जाऊ नये म्हणून ती उजवीकडून सुरुवात करायची, म्हणून तिची कपाशीही उजवीकडून वाढायची. सातवीनंतर तिची शाळा सुटली. मी मॅट्रिक झालो आणि अमरावतीला चित्रकला शिक्षकाच्या कोर्ससाठी मुलाखतीला गेलो. स्वतःची चित्रं आणा, असं कळवलं होतं. माझी चित्रं बेताची होती. मी तिची वही नेली. तिचं नाव असलेलं पहिलं पान फाडून दुसऱ्यावर माझं नाव घातलं. समोर बसवून काढायला सांगितलं तर अडायला नको, म्हणून आधी महिनाभर लपून तीच कपाशीची पट्टी गिरवत होतो. ती जशी काढायची तशीच, उजवीकडून.

मला प्रवेश मिळाला. वही तिथं जमा होती, महिन्याभरात येऊन परत न्या असं सांगितलं होतं. मी गेलो नाही. वही नसली की पुरावाही नसतो.

तिनं घरभर वही शोधली. मलाही विचारलं. मी पायात चप्पल घालत होतो. म्हणालो, आईनं चुलीत घातली असेल. एवढंच. नंतर तिनं वहीचा विषय आईजवळही काढला नाही आणि भिंतीवर पट्टी काढणंही तिनं सोडलं. लग्न होऊन ती अनसिंगला गेली.

मी तिच्याकडे टॅबलेट घेऊन गेलो. त्यांची भाजीची वाडी आहे. ती पत्र्याच्या सावलीत बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. अजूनही गाठ डाव्या हातानंच मारते. मी तिला काहीच न सांगता ते चालणारं चित्र दाखवलं. तिनं हात लुगड्याला पुसले आणि डोळे बारीक करून पाहिलं. मग हसली.

"तू माह्यासारखा उलटा कायले काढून राह्यला, भाऊ?" आणि आत सुनेला हाक मारून म्हणाली, पाह्य, इतक्या वर्साची माही पट्टी, यानं ध्यानात ठेवली.

तिला आनंद झाला होता. त्या आनंदावर मला सांगावं लागलं. मुलाखत, वही, फाडलेलं पान, शाळेची भिंत, सगळं. ती चिडेल, रडेल, असं मी मनाशी धरून आलो होतो. माझ्या नोकरीबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही. हातातली जुडी तिनं खाली ठेवली.

"म्हंजे थे वही मायनं नाई जाळली?"

"नाही."

"तू तर म्हणला होता."

"म्हणलो होतो."

ती म्हणाली, "माय जातानी मी तिच्या तोंडात पाणी नाई घातलं. वहिनीले म्हटलं, तूच घाल."

आईच्या शेवटच्या आजारपणात त्या दिवसाआधी बहीण दोनदाच आली होती. दोन्ही वेळा पाच वाजताच्या बसनं परत गेली. आई दाराकडे पाहत राहायची आणि मीच आईची समजूत काढायचो, की वाडीत पाणी द्यायचं असेल. चप्पल घालता घालता बोललेलं एक वाक्य. मी ते विसरून गेलो होतो. वही चोरल्याचं मला सुरुवातीची बरीच वर्षं टोचलं, पण ते वाक्य कधीच टोचलं नाही. जे मला आठवतसुद्धा नव्हतं, त्यावरून तिनं आईला इतकी वर्षं दूर ठेवलं, आणि आईला शेवटपर्यंत कळलं नाही की आपलं काय चुकलं.

सून चहा घेऊन आली. बहिणीनं माझ्यापुढे कप सरकवला, स्वतः घेतला नाही. मी म्हटलं, भिंतीवर तुझं नाव टाकायला सांगतो.

"माहं नाव नोको टाकू. आधी मायचं लिह्य. तिनं जाळली नाई, असं लिह्य. जितक्यायनं तुही पट्टी पाह्यली, तितक्यायले समजू दे." आणि तिनं पुढची जुडी उचलली. मी निघालो तेव्हा तिनं वर पाहिलं नाही.

तर लिहितो. वही माझ्या आईनं जाळली नाही. ती मी नेली. आईनं त्या पट्ट्यांसाठी गेरूची वाटी धरली होती, दुसरं काही केलं नाही.

मुख्याध्यापकाला मी सगळं सांगितलं. भिंत सध्या पांढरीच आहे. ब्लॉगवरच्या सगळ्या लेखांतून मी पट्ट्या काढून टाकल्या. त्या पुन्हा लावायच्या की नाही, ते बहीण सांगेल. अजून तिचा फोन आलेला नाही आणि माझा ती उचलत नाही. मधली चित्रं दिसत नाहीत, अशी तक्रार दोघातिघांनी केली आहे. तुमच्या फोनमध्ये काही बिघाड नाही.